स्नूकरच्या थेट प्रक्षेपणाचे पैसे वसूल होतात ते बाहेरच्या टेबलांवर

स्नूकर दाखवणाऱ्या एका ऑनलाइन सेवेचं सभासदत्व माझ्याकडे आहे आणि ते मी सोडणार नाही. जाहिरातीत ते अंतिम सामने आणि मोठी नावं दाखवतात. माझ्या दृष्टीने पैसे वसूल होतात ते एप्रिलमध्ये, शेफिल्डमधल्या जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत, आणि तेही बाहेरच्या टेबलांवर.

क्रूसिबल थिएटरमधल्या मुख्य स्पर्धेत खेळतात फक्त ३२ जण. त्यातले १६ मानांकनावर थेट आत असतात. उरलेल्या १६ जागांसाठी शंभरावर खेळाडू झगडतात. एकाच वेळी अनेक टेबलांवर सामने चालू असतात आणि ही सेवा ते सगळे दाखवते. मुख्य टेबलांवर कॅमेरे भरपूर, समालोचनही असतं. बाहेरच्या टेबलांवर एकच स्थिर कॅमेरा, समालोचक नाही, कोपऱ्यात गुणफलक. मला हेच आवडतं. क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, चॉक घासल्याचा आवाज येतो. पॉकेटच्या तोंडाशी चेंडू दोनदा आपटून बाहेर थांबला की त्याचाही येतो, आणि तो आवाज ऐकून खेळाडू सरळ उभा राहायच्या आधीच कळतं की फ्रेम, म्हणजे सामन्यातला तो डाव, गेली.

स्नूकरमध्ये समोरचा टेबलावर असेपर्यंत तुम्हाला काहीच करता येत नाही. प्रतिस्पर्धी लाल, काळा, लाल, काळा असे चेंडू टाकत सत्तर गुणांपर्यंत जातो आणि दुसरा खुर्चीत बसून असतो. टॉवेलने क्यू पुसतो, पुसून झालेला क्यू पुन्हा पुसतो, टिपवर बोट फिरवतो, पाणी पितो. मोठ्या प्रक्षेपणात हे दोन सेकंद दिसतं आणि लगेच रिप्ले सुरू होतो. इथे कॅमेरा हलत नाही, त्यामुळे आख्खी पंधरा मिनिटं तो माणूस समोर बसलेला दिसतो.

त्या खुर्चीत काय पणाला लागलेलं असतं हे माहीत असेल तर बघण्याला वेगळीच धार येते. व्यावसायिक टूरचं कार्ड, म्हणजे तिथल्या स्पर्धांत खेळायचा परवाना, दोन वर्षांचं असतं. मुदत संपताना मानांकनात पहिल्या ६४ मध्ये नसाल तर बहुतेक वेळा ते हातचं जातं आणि क्यू स्कूल नावाच्या स्पर्धेतून पुन्हा मिळवावं लागतं. मानांकन ठरतं बक्षिसाच्या रकमेवर, आणि दोन वर्षांपूर्वीची कमाई त्यातून वजा होत जाते. म्हणजे चांगला खेळत राहिलात तरी जुन्या मोठ्या विजयाची रक्कम गळाली की घसरण होऊ शकते. लुका ब्रेसेल २०२३ मध्ये विश्वविजेता झाला. त्याआधी क्रूसिबलवर त्याने एकही सामना जिंकला नव्हता. दोन वर्षांनी ती रक्कम यादीतून गेली आणि तो पहिल्या सोळातून बाहेर पडला.

याच पात्रता फेरीत २०२१ मध्ये स्टीफन हेंड्री आणि जिमी व्हाइट पहिल्याच सामन्यात समोरासमोर आले. १९९० ते १९९४ या काळात ज्यांनी एकमेकांविरुद्ध जागतिक स्पर्धेचे चार अंतिम सामने खेळले, ते दोघे! साथीमुळे प्रेक्षकही नव्हते. व्हाइट ६-३ ने जिंकला, तेव्हा सुरुवातीच्या फेऱ्या जास्तीत जास्त ११ फ्रेम्सच्या असत. सात वेळचा विश्वविजेता हेंड्री २०१२ मध्ये निवृत्त होऊन काही वर्षांनी परत आला होता. ज्या सहजतेने तो एकेकाळी लांबचे लाल टाकायचा ती हातातून गेलेली स्पष्ट दिसत होती. तरी तो खेळायला उतरला, याचा मला फार आदर वाटतो.

२०२४ मध्ये माजी विश्वविजेता नील रॉबर्टसन पात्रता फेरीत जेमी जोन्सकडून १०-९ असा हरला. त्या निकालाला दोन्ही बाजू आहेत. गैरप्रकाराची माहिती न कळवल्याबद्दल जोन्सवर बंदी आली होती, कार्ड गेलं होतं, आणि तो क्यू स्कूलमधून परतला होता. रॉबर्टसनने त्याच वर्षी इंग्लिश ओपन जिंकली. त्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत त्याच्यासमोर होता आपला ईशप्रीत सिंग चढ्ढा. आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीत इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचला होता, त्यानंतर आपल्याकडच्या खेळाडूला एवढ्या पुढे जाताना बघून मी खुर्चीत बसू शकलो नाही.

आणि २०२५ चा झाओ शिनतुंग. दुसऱ्याच्या सामनानिश्चितीत सहभाग आणि सट्टा, यासाठी वीस महिन्यांची बंदी. ती संपवून तो हौशी खेळाडू म्हणून आला, पात्रतेचे चार सामने जिंकला आणि पुढे पन्नाशीच्या मार्क विल्यम्सला हरवून विश्वविजेता झाला. विल्यम्स स्वतः २०१७ मध्ये पात्रता फेरीतच अडकला होता आणि पुढच्याच वर्षी विश्वविजेता ठरला. अंतिम सामना सगळ्यांनी पाहिला. झाओचे ते चार सामने ज्यांनी पाहिले, त्यांना हा चेंडू किती सरळ मारतोय हे आधीच दिसलं होतं.

आता तक्रारी. रेकॉर्डिंगच्या यादीत सामन्याच्या नावापुढेच निकाल छापलेला असतो. ज्याला रात्री उशिरा शांतपणे बघायचं आहे त्याच्यावर हा सरळ अन्याय आहे. खेळाडूच्या नावाने शोध नीट चालत नाही. बाहेरच्या टेबलांची रेकॉर्डिंग काही दिवसांनी नाहीशी होतात, खरं तर तीच जपून ठेवायला हवीत, बाकीचं सगळं इतरत्र मिळतं. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे पडद्यावर खेळाडूचं मानांकन आणि कार्डाची स्थिती दाखवत नाहीत. कोणाला आज जिंकलंच पाहिजे हे नव्या प्रेक्षकाला कळणार कसं? गुणफलकाशेजारी एक ओळ पुरेशी आहे. चित्राचा दर्जा मात्र चांगला आहे, मोबाइलवरही लाल आणि तपकिरी चेंडूंत गोंधळ होत नाही.

वर्षभर घ्यायचं नसेल तर एप्रिलचा महिना घ्या. पात्रतेच्या शेवटच्या दोन दिवसांना तिथे जजमेंट डे म्हणतात, ते चुकवू नका, पण त्याआधीच्या फेऱ्याही बघा. मानांकन यादी दुसऱ्या खिडकीत उघडून ठेवा, ६४ च्या आसपासची नावं शोधा आणि त्यांचं टेबल लावा. सामना जास्तीत जास्त १९ फ्रेम्सचा असतो, दोन सत्रांत चालतो. पहिल्या सत्रात ६-३ असा मागे पडलेला खेळाडू दुसऱ्या सत्राला परत येतो, तिथपासून बघायला बसा.