गोधडी त्यांची, फोटो माझा

दिवाळीनंतरच्या आठवड्यात नाशिकहून एका ताईंचा फोन आला. नातवाच्या बारशासाठी तुमची गोधडी मागवली होती, दोन धुण्यांत रंग उतरला आणि बाळाच्या पाठीवर पुरळ उठलंय, असं त्या सांगत होत्या. आवाज चढलेला नव्हता, दुखावलेला होता. मी वही काढली. नाशिकला दोन महिन्यांत माझी एकही गोधडी गेली नव्हती. तसं सांगितल्यावर त्यांनी लिंक पाठवली.

उघडून बघते तर फोटो माझा. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरची खिडकी, तिच्या उन्हात पसरलेली कासवाची गोधडी, कडेला माझ्या भाचीची इवलीशी पावलं. कोपऱ्यावर शिवलेलं माझ्या नावाचं लेबलसुद्धा दिसत होतं. त्या नावावरूनच ताईंनी मला शोधून काढलं होतं. दुकानाचं नाव मात्र भलतंच, आणि किंमत ३९९ रुपये.

माझ्या गोधडीची किंमत १,४५० आहे. ती का, हे सांगायलाच हवं. तीन फूट बाय तीन फुटांची गोधडी. आत जुन्या सुती लुगड्यांचे तीन थर, वर जांभळी नाक्यावरून आणून दोनदा धुतलेलं मलमल, आणि कडेपासून मधल्या कासवापर्यंत सगळा धावदोरा हाताचा. कळव्याच्या दोघी मावशी हे काम करतात. घरचं सगळं आटपून दुपारी बसल्या की एका गोधडीला सहा-सात दुपारी लागतात. प्रत्येक गोधडीमागे त्यांना ६०० रुपये मिळतात. म्हणजे मावशींच्या नुसत्या मजुरीपेक्षाही कमी पैशांत कुणीतरी ‘हाताने शिवलेली गोधडी’ विकत होतं.

हे फोटो त्याच्याकडे गेले कसे, हे आठवायला मला वेळ लागला नाही. मीच दिले होते. श्रावणात एका माणसाचा फोन आला होता. बारसं, डोहाळजेवणाच्या भेटवस्तू पुरवतो, दिवाळीपर्यंत २०० नग लागतील, म्हणाला. बोलणं अगदी अदबीचं. नमुन्याला चार गोधड्या पूर्ण किमतीला घेतल्या, पैसे त्याच दिवशी आले, आणि तिथेच माझा विश्वास बसला. मग म्हणाला, कॅटलॉग छापायचाय, फोटो मोठ्या आकारात आणि नावाचा शिक्का न मारलेले पाठवा. पाठवले. थर किती, कापड कोणतं, कासवाचं माप काय, तेही विचारलं. २०० नगांच्या आशेने मी सगळं सांगितलं, मावशींना आणखी दोघीजणी शोधून ठेवायलाही सांगितलं. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

ज्या ऑनलाइन बाजारपेठेवर तो माल होता तिथे मी रात्रीच तक्रार केली: माझी डिझाईन चोरली आहे. उत्तर आलं, ट्रेडमार्कचा, म्हणजे नोंदवलेल्या नावाचा किंवा चिन्हाचा, नोंदणी क्रमांक द्या. तो माझ्याकडे नव्हता. तक्रार बंद. मग ठाण्यातल्याच एका वकील मैत्रिणीने समोर बसवून समजावलं, आणि ते तुमच्यातल्या, हाताने वस्तू करून विकणाऱ्या प्रत्येकीला आधी माहीत असावं असं मला वाटतं. डिझाईनची नोंदणी होते, २००० चा त्यासाठी वेगळा कायदा आहे, एकट्या व्यक्तीला अर्जाची फी १,००० रुपये. पण अर्जाआधी ती डिझाईन कुठेही प्रसिद्ध झालेली चालत नाही. माझं कासव दोन वर्षं इन्स्टाग्रामवर होतं. तो रस्ता मीच, नकळत, बंद करून बसले होते.

फोटोचं तसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने फोटो काढला की हक्क तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. म्हणून दुसऱ्या तक्रारीत डिझाईनचा शब्दही काढला नाही. फक्त फोटो. त्यांच्या पानावरच्या प्रत्येक फोटोची लिंक, समोर माझा मूळ फोटो. मोबाईलमधली मूळ फाईल होती हे नशीब, कारण व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोत तारीख, कॅमेरा ही माहिती सहसा उरत नाही. शिवाय मूळ फोटोत भाचीचा गुडघाही आहे, शेजारी माझ्या ताईचा हात आहे. त्याच्या पानावरच्या फोटोत तो भाग नव्हता. जो भाग फक्त तुमच्याकडे आहे तोच सगळ्यात मोठा पुरावा. तेव्हा जगाला दाखवाल तो फोटो थोडा कापलेला असू द्या, पूर्ण स्वतःकडे ठेवा. पैसे देऊन कुणाकडून फोटो काढून घेत असाल तर हक्क तुमचा, हे आधीच लिहून घ्या.

त्याबरोबर त्या बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्यालाही वेगळं लिहिलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. हे नियम ग्राहकांसाठीचे आहेत, म्हणून मी ग्राहकही झाले. ती ३९९ ची गोधडी स्वतः मागवली. पाकिटावरचा पत्ता, बिल, पार्सल फोडताना सलग काढलेला व्हिडिओ, सगळं जपून ठेवलं.

आत निघालं चकचकीत पॉलिस्टर. माझ्या कासवाचा फोटो त्यावर छापलेला, आणि धावदोराही छापलेलाच. मी ते कळव्याला नेलं. थोरल्या मावशींनी त्या छापील टाक्यांवरून बोट फिरवलं, मग कापड उलटं केलं. मागे कोरं. “मागं टाकाच नाही गं,” म्हणाल्या आणि बराच वेळ ते हातात धरून बसल्या. तेव्हापासून मी प्रत्येक गोधडीचा पाठीचा फोटोही टाकते. घेणाऱ्यांनीही तो मागावा, विशेषतः अंगाला लागणारी वस्तू बाळासाठी घेताना.

ते पान नवव्या दिवशी उतरलं. पंधरा दिवसांत दुसऱ्या नावाचं दुकान उभं राहिलं, तोच फोटो आरशासारखा उलटा करून. भाचीची पावलं आता डावीकडे आहेत, लेबल पुसलंय. त्याचीही तक्रार गेली आहे. दरम्यान नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला, वर्ग २४, म्हणजे कापडी वस्तूंचा वर्ग, ऑनलाइन फी ४,५०० रुपये, म्हणजे तीन गोधड्यांच्या किमतीहून थोडे जास्तच.

नाशिकच्या ताईंना सगळं कळवलं, पैसे परत कसे मागायचे तेही सांगितलं. बाळाचं पुरळ गेलंय. त्यांनी आपल्या सासूबाईंचं एक जुनं लुगडं कुरियरने पाठवलंय, त्याची गोधडी करून हवी आहे. मावशींनी ते कालच हातात घेतलं.