निरामय आरोग्य विमा: चौदा महिने वापरल्यावर

मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. दोन्ही पाय ताठ, उजवा हात कमी चालतो, बोलायला वेळ लागतो. वय ३४. खासगी विम्यासाठी दोन एजंट घरी येऊन गेले, अर्जातला दिव्यांगत्वाचा रकाना पाहिल्यावर दोघांचाही पुन्हा फोन आला नाही. म्हणून गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत नाव घातलं.

ही योजना चारच गटांसाठी आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व. संरक्षण वर्षाला एक लाखापर्यंत. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही. अर्ज न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत जातो. दारिद्र्यरेषेवरच्या घरांना पहिल्या वर्षी ५०० रुपये आणि नूतनीकरणाला २५०. विम्याचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं, हे मला पैसे भरल्यावर कळलं. ऑगस्टमध्ये भरा नाहीतर डिसेंबरमध्ये, ३१ मार्चला मुदत संपते. शक्यतो एप्रिलमध्येच नाव घाला.

मला सगळ्यात उपयोग झाला तो फिजिओथेरपीचा. नेहमीचा विमा दवाखान्यात भरती झाल्याशिवाय सहसा काही देत नाही, आणि माझा खर्च तर भरती न होताच चालू असतो. आठवड्याला दोन वेळा पाय मोकळे करून घेतले नाहीत तर मला संडासच्या खुर्चीवर बसता येत नाही. निरामयमध्ये थेरपी, बाह्यरुग्ण तपासणी, औषधं, दातांचे उपचार हे सगळं धरलंय, प्रत्येकाला वेगळी मर्यादा आहे. प्रवासखर्चही आहे, पण तो वर्षाला हजार रुपये. आमच्या गावाहून मिरजेला गाडी करून दोनदा गेलं की संपला.

पैसे आधी आपण भरायचे, मग मागायचे. माझा पहिला दावा परत आला, कारण पावत्या होत्या पण डॉक्टरांची चिठ्ठी जोडली नव्हती. तेव्हापासून वहिनी प्रत्येक पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवते. चौदा महिन्यांत ११,४०० मागितले, ९,६५० मिळाले. ज्या घरात आधी भरायला तेवढे पैसेच नाहीत, तिथल्या मुलीला या विम्याचा उपयोग कसा होणार, हा प्रश्न मला सारखा पडतो.

जानेवारीत पाळीचा रक्तस्राव वीस दिवस थांबला नाही. एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता आईला विचारलं, "हिला पाळी कधीपासून येते?" मी उत्तर दिलं, पुढचा प्रश्नही आईलाच. तपासणीचं टेबल कमरेएवढं उंच, पाय अडकवायच्या पट्ट्या. माझे पाय तसे उघडत नाहीत. दोन आयांनी उचलून ठेवलं, स्नायू आखडले, तपासणी झालीच नाही. सोनोग्राफीसाठी लघवी रोखून धरायला सांगितलं आणि व्हीलचेअर जाईल असं स्वच्छतागृह त्या मजल्यावर नव्हतं. शेवटी सल्ला मिळाला: "लग्न काही करायचं नाही ना, मग पिशवी काढून टाका. तुमचीही सुटका."

आई गप्प झाली. मी नाही म्हटलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १० मला माहीत होतं: जिची मूल होण्याची क्षमता जाणार आहे, तिची स्वतःची, नीट समजून दिलेली संमती हवी. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींच्या पिशव्या पुण्यात काढल्या गेल्या, तेव्हा त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मला विचारलं नसतं, तर त्या ऑपरेशनचं बिलही विम्यात व्यवस्थित बसवता आलं असतं. हे मला फार लागलं.

फिजिओताईंनी दुसऱ्या डॉक्टरबाई सुचवल्या. त्यांनी मला कुशीवर झोपवलं, गुडघ्यामध्ये उशी दिली आणि प्रत्येक गोष्ट करण्याआधी मला सांगितली. दहा मिनिटांत तपासणी झाली. छोटी गाठ निघाली, हिमोग्लोबिन ७.८. गोळ्या आणि लोहाची इंजेक्शनं, बस. वयाच्या ३४व्या वर्षी अंतर्गत तपासणी पहिल्यांदा झाली. कुशीवर झोपवून तपासायला वेगळं यंत्र लागत नाही, तरी इतकी वर्षं कोणी सुचवलं नव्हतं. ही सगळी बिलं निरामयमध्ये मंजूर झाली.

कोणी विचारलं तर मी नाव घालाच म्हणते. फक्त पोलिओ किंवा फक्त अंधत्व असेल तर इथे बसणार नाही. तुमच्यासाठी विमा नियामकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांना दिव्यांगांसाठी वेगळी पॉलिसी ठेवायला सांगितलंय, ती लेखी मागा आणि नकारही लेखी घ्या.

माझं नूतनीकरण मार्चमध्येच केलं. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. डॉक्टरबाईंकडचं टेबलही उंचच आहे, म्हणून त्यांनी त्या दिवशी शेजारची फिजिओची खोली तासभर मागून घेतलीय. तिथला पलंग माझ्या खुर्चीच्या उंचीचा आहे.