स्कोडा ऑक्टाव्हियावर मिशलिन पायलट स्पोर्ट ४ टायर, ट्रॅकसाठी

पुण्याहून गाडी चालवतच कोइम्बतूरला जायचं, तिथल्या कारी स्पीडवे या रेसट्रॅकवर मनसोक्त पळवायची आणि त्याच टायरांवर घरी यायचं. त्यामुळे सेमी-स्लिकचा (ट्रॅकसाठीचे, फारशी नक्षी नसलेले टायर, ओल्यात पकड कमी) विचार मी केलाच नाही. खंबाटकीत पाऊस लागला तर काय करणार? २०५/५५ आर१६ या मापात पायलट स्पोर्ट ४ घेतले.

कारी जेमतेम २.१ किलोमीटरचा, पण वळणं लागोपाठ. इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाणारी गाडी असल्याने स्टीअरिंग, ब्रेक, ताकद सगळं पुढच्याच जोडीवर. तरी हे टायर घसरण्याआधी इशारा देतात, मला तेच हवं होतं. हवेकडे मात्र लक्ष हवं. थंड असताना ३२ पीएसआय भरली की गरम होऊन सहज पाच-सहाने चढते; प्रत्येक सेशननंतर गेज लावून थोडी सोडायची. साइडवॉलच्या कडेला खडूची रेघ मारा, टायर किती दुमडतोय ते कळतं.

आवाज गाडीसोबत आलेल्या टायरपेक्षा जास्त, किंमतही. बायको म्हणते, "एवढ्यात सोन्याची चेन आली असती." घेताना दुकानदाराला टायरवरची चार आकडी उत्पादनाची तारीख दाखवायला लावा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुना स्टॉक सरळ परत.