पंधरा दिवस गाणी म्हणायला गेलो आणि सहा वर्षं अडकलो

लिहायचं बरेच दिवस मनात होतं पण घरचे म्हणायचे, कशाला नस्ती झंझट. आता तिकडचं नक्षलवाद्यांचं बरंच निवळलंय म्हणून लिहितो.

मी माडिया आदिवासी, गाव गडचिरोलीत भामरागडच्या बाजूला. इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड. पोलिसांची हद्द नदीपाशी संपायची, जंगल थोडीच संपतं! दलम, म्हणजे त्यांची बंदूकवाली तुकडी, इकडे जेवणार आणि गडबड झाली की रातोरात पलीकडे. आमच्यासारख्या सीमेवरच्या गावांतच हे लोक का रुजले ते यातच आलं.

गावात त्यांना नक्षलवादी कोणी म्हणत नसे, अंदरवाले म्हणायचे. आजा सांगायचा, 1980 च्या सुमारास आंध्रातून गोदावरी पार करून ते सिरोंच्याकडे आले तेव्हा आधी तेंदूपत्त्याच्या भावाचंच बोलले. मे महिन्याच्या उन्हात सत्तर-सत्तर पानं मोजून तेंदूचा पुडा बांधायचा आणि ठेकेदार टाकेल ते पैसे घ्यायचे, अशी गत होती. यांनी ठेकेदाराला दम दिला, भाव वाढला. कोंबडं उचलून नेणारा जंगलखात्याचा गार्डही गावात यायला घाबरू लागला. हे सगळं खरं होतं हो, आणि आम्ही फसलो ते तिथेच. ज्याने एकदा काम करून दाखवलं त्याच्यावर संशय कोण घेणार? ठेकेदाराकडून हेच लोक पैसे घेतात आणि तो ते आमच्याच शेकड्याच्या भावातून काढतो, हे कळायला फार वर्षं गेली.

माझ्याकडे बंदूक घेऊन कोणी आलं नाही. आधी नुसता तांदूळ, घरटी एक पायली. मग एकदा चिठ्ठी, बाजूच्या गावात नेऊन दे एवढंच, आत काय लिहिलंय ते विचारायचं नाही. मी दहावीला नापास होऊन घरी बसलेलो, आवाज बरा होता, रात्री गावात नाचगाणं चालायचं तेव्हा अंदरवाल्यांचा एक दादा येऊन बसायचा, त्याने पायात घुंगरू बांधून आमच्याच चालीवर आमच्याच गोंडीत गाणं म्हटलं, जंगल कुणाचं, पाणी कुणाचं, आणि खरं सांगतो अंगावर काटा आला. म्हणाला आमच्या नाट्यमंचात, गाणी-नाटकांच्या पथकात चल, पंधरा दिवस, चार गावं फिरू, परत आणून सोडतो. आईला मीच सांगितलं, गाणी म्हणायला चाललोय.

नवव्या-दहाव्या दिवशी नाव बदललं. जुनं नाव घ्यायचं नाही म्हणे, घरच्यांना धोका. मला ते लय भारी वाटलं तेव्हा. मग पाठीवर पिट्टू, म्हणजे सामानाची पिशवी आली, रात्रीची संत्री ड्यूटी, म्हणजे पहारा आला, एक गंजकी भरमार, नळीतून दारू ठासायची बंदूक हातात आली जिची दारू पावसात भिजायची. मी पंधरा दिवसांचं विचारलं तर दादा हसला. म्हणाला, पोलिसांकडे तुझं नाव गेलंय, आता घरी गेलास तर ते मारतील. नाव खरंच गेलं होतं का, गेलं तर कोणी पोचवलं, देव जाणे. मला तर आजही वाटतं तेव्हा काहीच गेलं नव्हतं.

बाबा सोळाव्या दिवशी विचारायला आले होते, हे मला सहा वर्षांनी कळलं. त्यांना सांगितलं, पोरगा पक्षाचा झाला, परत मागाल तर जनअदालतीत, म्हणजे त्यांच्या गावासमोरच्या कोर्टात, बोलावू. बाबा गप्प परत गेले. जनअदालत काय असते ते गावाने पाहिलेलं होतं, एका माणसाला खबऱ्या म्हणून उभं केलं आणि शिक्षेला होकार म्हणून गावाला हात वर करायला लावले. सगळ्यांनी केले, बाबांनीपण.

आत लग्नाला परवानगी मिळते, पण आधी नसबंदी. हे गाण्यात नसतं.

आत्मसमर्पणाची योजना 2005 पासून आहे हे आम्हाला आत कोणी सांगणार थोडंच. बंदूक खाली ठेवणारा गद्दार, एवढंच शिकवायचे. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांच्या केंद्रीय समितीचा भूपती 60 साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवताना टीव्हीवर दिसला तेव्हा मी घरीच होतो. आई मागून म्हणाली, मग आपल्या शेजारचा पोरगा कशासाठी मारला? तो पळून घरी आलेला, आठवडापण झाला नव्हता.

पोरगं नुसतं गाणी म्हणायला जातो म्हणालं ना, तर पंधरा दिवस मोजत बसू नका, त्याच रात्री जाऊन घेऊन या. त्यांचा झेंडा कुठला ते बघू नका. आणि पायलीभर तांदूळ दिला तर काय होतंय असं आमच्याकडेपण सगळेच म्हणायचे.

मी आलो तेव्हा पोलिसांनी फॉर्मवर नाव लिहायला सांगितलं तर हातातून आतलंच नाव आलं. खोडून परत लिहावं लागलं, त्यात आडनावाचं एक अक्षर चुकलं, ते आधार कार्डावर अजून तसंच आहे.