टोप्या लावून आलेलं ॲल्युमिनियम

४०×८० मिलिमीटर एवढंच माप सांगून कुणी तुम्हाला ॲल्युमिनियम प्रोफाइल (बोल्ट बसवायला लांबीभर खाचा असलेली पोकळ पट्टी) विकत असेल, तर महत्त्वाचं त्याने अजून सांगितलेलंच नाही. बाहेरून ४० बाय ८० भरणारा सेक्शन, म्हणजे पट्टीचा आडवा छेद, हलका असतो आणि भारीही असतो. खाच दोन्हींत ८ मिलिमीटरचीच. फरक असतो तो आतल्या भिंतींच्या आणि खाचेच्या कडांच्या जाडीत. माझी फसवणूक नेमकी इथं झाली. सांगली-मिरजेकडं घरच्या घरी सिम रेसिंगची (कॉम्प्युटरवर खऱ्यासारखी गाडी पळवण्याच्या खेळाची) रिग, म्हणजे सीट, स्टिअरिंग आणि पेडल बसवायचा सांगाडा, बांधायला निघालेली बरीच पोरं मला भेटतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

लोखंडी अँगल सोडून प्रोफाइल कशाला, असं घरातल्यांनीही विचारलं होतं. अँगल एकदा वेल्डिंग केला की सीट दोन इंच मागं घ्यायची म्हटलं तरी ग्राइंडर काढावा लागतो. प्रोफाइलमध्ये बोल्ट ढिला करायचा, सरकवायचं, आवळायचं. पण डायरेक्ट ड्राइव्ह (चाक थेट मोटरवर बसवलेल्या) स्टिअरिंगची मोटर १०-१५ न्यूटन-मीटरचा पीळ सहज देते, आणि लोड सेलचा ब्रेक किती सरकला यापेक्षा किती जोरात दाबला हे मोजतो. पाऊण क्विंटलचा दाब त्यावर रोजचा. सांगाडा लवला तर तुम्ही ब्रेक दाबत नसून सांगाडा वाकवत असता, आणि पायाला कधीच सवय बसत नाही. म्हणून मी डिझाइन करताना खालच्या दोन लांब पट्ट्या आणि स्टिअरिंगचे खांब ४०×८० भारी सेक्शनचे धरले. तेसुद्धा ८० ची बाजू जोर येईल त्या दिशेला ठेवून, कारण तोच तुकडा आडवा टाकण्यापेक्षा उभा ठेवला तर साडेतीन-चार पट ताठ राहतो.

पुरवठादार इथलाच. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढं आहे. त्याच्या गाळ्यावर त्याने मला हातभर लांबीचा नमुना दिला. हातात घेतल्याबरोबर वजन जाणवलं. व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावला तर खाचेची कड साडेचार मिलिमीटर. "हाच माल येणार, साहेब, मीटरवर दर." अर्धे पैसे आगाऊ घेतले, माझ्या यादीप्रमाणे कापून देण्याचं कबूल केलं. दर बाजाराला धरून होता. फार स्वस्त सांगितला असता तर कुणालाही शंका आली असती. या माणसाने किंमत पूर्ण घेतली आणि धातू कमी दिला.

माल आला तो बबल रॅपमध्ये गुंडाळून, आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना काळ्या प्लास्टिकच्या टोप्या ठोकून बसवलेल्या. टोप्या यादीत नव्हत्या, "आमच्याकडून फ्री" म्हणाला. प्रोफाइलची जात कळते ती कापलेल्या टोकावरून, आणि तेच टोक त्याने झाकून दिलं होतं. उरलेले पैसे माल उतरवतानाच द्यायचे ठरलेले होते, ते दिले.

जोडणी करताना पहिली खूण दिसली. एम८ चे बोल्ट नेहमीच्या जोराने आवळले आणि टी-नटच्या (खाचेत सरकून बसणाऱ्या नटच्या) जागी खाचेची कड वर उचलली गेली. बोट फिरवलं की उंचवटा लागत होता. पुढं पेडल बसवून ब्रेक दाबला तर पेडलची पट्टी मागं जायची आणि पाय काढल्यावर पूर्ण जागेवर यायची नाही. आमच्या शेजारचे काका कुपवाड एमआयडीसीत टूलरूममध्ये असतात. त्यांनी डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) आणून लावला, काटा परत शून्यावर येत नाही हे पाहिलं आणि एकच वाक्य बोलले, "आधी त्या टोप्या काढ बघू."

टोप्या काढल्या. आत नमुन्यापेक्षा निराळाच सेक्शन! भिंती पातळ, कड दोन मिलिमीटरच्या आसपास. एक मीटरचा तुकडा भंगारवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. ठरलेल्या सेक्शनचं वजन कॅटलॉगप्रमाणे मीटरला सव्वाचार किलो, भरलं पावणेतीन. मीटरमागं दीड किलो कमी. माझा ४०×८० चा माल १२ मीटर होता, म्हणजे १८ किलो ॲल्युमिनियम न देताच त्याने त्याचे पैसे घेतले.

फोन केल्यावर तो गडबडला नाही, उलट शिकवायला लागला. "मटेरियल ६०६३ टी६ आहे, सर्टिफिकेट देतो. वजनाचं काय घेऊन बसलाय?" हे उत्तर तुम्हालाही ऐकवतील, म्हणून त्यातली लबाडी सांगतो. ६०६३ हे मिश्रधातूचं नाव, टी६ हे उष्णतेच्या प्रक्रियेचं. त्या प्रक्रियेने ताकद वाढते, म्हणजे धातू कायमचा वाकायला जास्त जोर लागतो. ताठपणा वाढत नाही. कुठलाही ॲल्युमिनियम मिश्रधातू घ्या, त्याचा ताठपणा ७० गिगापास्कलच्या आसपासच, पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. सांगाडा ताठ होतो तो सेक्शनच्या आकाराने आणि जाडीने. सर्टिफिकेट खरं असलं तरी दिलेला माल खोटाच होता. दुसऱ्यांदा बोललो तेव्हा "कापलेला माल परत होत नाही" म्हणाला, नंतर फोन उचलणंच बंद.

बिलाचंही तेच. १८ टक्के जीएसटी वेगळा घेतला होता आणि दिलं होतं नुसतं एस्टिमेट, खाली जीएसटी नंबर छापलेला. पक्कं बिल मागाहून येणार होतं. तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली दिसली. रद्द नोंदणीवर कर वसूल करण्याचा त्याला अधिकारच नव्हता. हा शोध कुणालाही फुकट घेता येतो, मिनिटभराचं काम आहे.

तर माल घ्यायच्या आधी कोटेशनवर सेक्शनचं मीटरमागे वजन लिहून मागा. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. गणित सोपं आहे: कापलेल्या टोकाचं क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरमध्ये, गुणिले ०.२७, की मीटरचं वजन किलोत येतं. माल उतरवताना टोप्या काढायला लावा, एक तुकडा काट्यावर ठेवा, मगच उरलेले पैसे द्या. आणि इनपुट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळेल म्हणून मित्राच्या फर्मच्या नावावर बिल करू नका. ग्राहक कायद्यात व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक म्हणून संरक्षण मिळत नाही, आणि तुमची तक्रार तिथंच अडते.

मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, मग सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही. सोबत नमुन्याचा आणि आलेल्या मालाचा शेजारी ठेवून काढलेला फोटो, काट्यावरचं वजन, पैसे पाठवल्याचा यूपीआयचा तपशील आणि व्हॉट्सॲपवर त्याने "हाच सेक्शन" म्हणून पाठवलेलं चित्र जोडलंय. पेडलखालच्या पट्ट्या दुसरीकडून वजन करून आणल्या. हलका माल पुरावा म्हणून तसाच ठेवलाय.

या भागात कुणी अलीकडं टोप्या लावलेलं प्रोफाइल घेतलं असेल तर एक टोपी काढून वजन करून बघा, आणि एस्टिमेटचा कागद फेकू नका. एकाच स्वरूपाची तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते.