बारा जणांचा बेत: भटुरे की कडक भाकरी?

हिवाळ्यात दहा-बारा माणसांना घरी जेवायला बोलवायचे आणि पानात निरनिराळ्या प्रांतांचे पदार्थ वाढायचे, असे मनात आले की आमच्या सांगलीच्या घरात दोन बेतांची चर्चा सुरू होते. पहिल्यात गुजराती उंधियू, पंजाबी छोले-भटुरे, जिरा भात आणि गाजराचा हलवा असतो. दुसऱ्यात रसम, उत्तर कर्नाटकातली एण्णेगायी, आपल्या भागातला अख्खा मसूर, कडक भाकरी, बिसी बेळे भात आणि बासुंदी. मी दोन्ही बेत रांधून वाढले आहेत.

चवीपुरते बोलायचे तर पहिल्या बेताला नावे ठेवता येणार नाहीत. उंधियूत कोवळी पापडी, कंद, रताळी, लहान वांगी आणि मेथीचे मुठिये हिरव्या लसणीच्या वाटणात एकत्र शिजतात, तेव्हा येणारा वास हिवाळ्यापलीकडे मिळत नाही. सुरती पापडी न मिळाल्यास वालपापडीवर भागवता येते, मात्र गोडी थोडी कमी पडते. चिरण्या-सोलण्यात अख्खी सकाळ जाते, पण चार हात असले की तेही जड वाटत नाही.

अडचण भटुऱ्यांची आहे. कढईतून काढल्यावर काही मिनिटांतच त्यांचा फुगा बसतो आणि गार झाले की ते चामट होतात, म्हणून पंगत बसल्यावरच ते तळावे लागतात. आमच्याकडे त्या दिवशी मी लाटत होतो, वहिनी तळत होत्या आणि दोन शेगड्यांपैकी एकीवर तेलाची कढई अडून बसल्याने छोले पुन्हा गरम करायला जागा उरली नव्हती. काका दोनदा आत येऊन, "तुम्ही कधी बसणार?" असे विचारून गेले. आम्ही पानावर बसलो तेव्हा पाहुण्यांची सुपारीही खाऊन झाली होती. ज्यांच्याशी निवांत बोलावे म्हणून एवढा घाट घातला, त्यांच्याशी जेवताना एक शब्दही झाला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

दुसऱ्या बेतात ही ओढाताण बरीचशी टळते. ज्वारीची भाकरी अगदी पातळ थापून, मंद आचेवर ओलावा पूर्ण जाईपर्यंत भाजली की ती दोन-तीन दिवस आधी करून ठेवता येते. एण्णेगायी म्हणजे तिळा-शेंगदाण्यांचा मसाला भरून तेलात शिजवलेली वांगी. कन्नडमध्ये 'एण्णे' म्हणजे तेलच. तिच्या रश्शात भाकरीचा तुकडा भिजला की तो मऊही पडतो आणि खमंगपणाही टिकतो. अख्खा मसूर सकाळी करून ठेवला तर दुपारपर्यंत चांगला मुरतो. बासुंदी आदल्या रात्री आटवून गार करता येते. रसम तेवढे पंगतीआधी करावे आणि फेस वर येताच उतरवावे. उकळत ठेवले तर त्याचा सुगंध उडतो.

या बेताच्याही दोन खोडी आहेत. 'बिसी' म्हणजे गरम, त्यामुळे हा भात गरमच वाढावा लागतो, आणि तो थांबला की घट्ट होत जातो, म्हणून उकळते पाणी हाताशी असावे. शिवाय रसम आणि भात या दोन्हींत चिंच येते. मी भातातली चिंच निम्मी करतो आणि गूळही त्याच मानाने कमी घालतो. दातांचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी चार मऊ भाकऱ्या वेगळ्या कराव्या लागतात, हे खरे.

घरात तळणारे वेगळे माणूस असेल किंवा पाहुण्यांत लहान मुले अधिक असतील, तर पहिला बेत कदाचित अधिक रंगेल; भटुऱ्यांवर मुले जशी तुटून पडतात तशी भाकरीवर पडत नाहीत. मात्र रांधणाऱ्यालाही त्याच पंगतीत बसायचे असेल, तर माझा कौल दुसऱ्या बेताला आहे. येत्या रविवारी आमच्याकडे पुन्हा बारा पाने मांडायची आहेत आणि भाकऱ्या मी शुक्रवारीच भाजायला घेणार आहे.