पावसाळी हवेत फ्लायच्या डोक्याला काय टिकतं: वर्षभराच्या वापरानंतर

फ्लाय (गळावर दोऱ्याने पिसं-केस बांधून केलेलं नकली आमिष) बांधून झाल्यावर दोऱ्याच्या डोक्यावर जो शेवटचा थेंब लावतात, त्या हेड सिमेंटवर वाचायला मिळणारा सल्ला बहुतेक थंड देशांतल्या ट्राउट मासे गरवणाऱ्यांचा. त्यांचे गळ बारीक आणि पाणी गोडं. आपण गोव्यात शापोरा नदीच्या मुखाशी चोणक (तुमच्याकडचा जिताडा) आणि तांबसो गरवायला जातो. गळ मोठे, १/० नाहीतर २/० मापाचे, पाणी खारं. शिवाय आपली बांधणी होते ती जून-जुलैत, समुद्र खवळलेला असतो तेव्हा, आणि त्या दिवसांत डिचोलीत कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात. म्हणून मी सिमेंट हवा बघून निवडतो.

पातळ लॅकर (वाळून चकाकणारं वॉर्निश) प्रकारचं सिमेंट मला अजूनही सर्वांत आवडतं. ते दोऱ्यात मुरतं, आणि खरी पकड मुरण्यातच आहे. वरची चमक ही हौस. नोव्हेंबर ते मे काही तक्रार नाही. पावसात मात्र डोकं दुधाळ पडतं. त्यातला सॉल्व्हंट (पातळ ठेवणारा द्रव) भराभर उडतो, त्याने पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं बाष्प त्यावर बसतं. पंखा लावला की आणखी बिघडतं. मी पावसाळ्यात फ्लाय जुना पिवळा बल्ब लावलेल्या खोक्यात टांगतो, त्याने बराच फरक पडतो. दुधाळ झालेल्यावर कोरड्या दिवशी पातळ हात दिला तर चमक परत येते. बाटली घट्ट होत जाते, तेव्हा तिचाच थिनर वापरा. आणि थेंब घातल्यावर गळाच्या नेढ्यातून लगेच एक पीस ओढून काढा. पहाटे अंधारात, होडी हलत असताना बुजलेलं नेढं सुईने कोरत बसणं नको.

पारदर्शक नेलपॉलिश म्हापशाच्या बाजारात कुठेही मिळतं आणि स्वस्त पडतं. जातकुळी लॅकरचीच, म्हणून दुधाळपणाही तोच. पण ते जाड असल्याने मुरत नाही, नुसतं वर बसतं. खडकावर आपटलं की कपच्या उडतात. लहान फ्लायना चालेल.

सुपरग्लू ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे आपल्याकडे तो फारच तत्पर. क्लाउझर मिनो नावाच्या फ्लायला मी तो वापरतो, पण डोक्यावर नाही, तिच्या डंबेलच्या आकाराच्या जड डोळ्यांखाली. ही फ्लाय अमेरिकेतल्या बॉब क्लाउझरने १९८०च्या दशकात नदीतल्या बास माशासाठी काढली. आता खाऱ्या पाण्यातही ती सगळीकडे चालते. तिचे जड डोळे फेकाफेकीत गळाभोवती फिरतात. आधी दोऱ्याचा पाया, त्यावर डोळे आठाच्या आकड्यात आवळून बांधायचे, मग एक थेंब. बकटेलच्या (हरणाच्या शेपटीच्या) केसांजवळ थेंब नेलात तर तो केसांतून वर चढतो आणि शेपटी काडीसारखी ताठ होते. बाटली फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीइतकी गरम झाल्याशिवाय टोपण उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

यूव्ही रेझिन (अतिनील उजेडाने घट्ट होणारं) महाग आहे, त्याच्या यूव्ही टॉर्चचे पैसे वेगळे, पण पावसाळ्यात त्याला तोड नाही. हवा कितीही ओली असो, टॉर्चखाली काही सेकंदांत काचेसारखं डोकं. वर थोडा चिकटपणा राहतो, तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसला की जातो. त्याची एक खोड मात्र कुणी नीट सांगत नाही: उजेड पोचेल तिथेच ते घट्ट होतं. काळ्या दोऱ्यात मुरलेलं रेझिन आत ओलंच राहतं. तांबसोने दोन-चार वेळा हिसका दिला की ती टोपी अख्खी निघून येते. म्हणून काळ्या डोक्यावर आधी लॅकर, ते रात्रभर वाळल्यावर रेझिन. वेळखाऊ आहे, पण अशा फ्लायचा दोरा सुटायच्या आधी केस संपतात. टॉर्चचा सेल उतरला की रेझिन अर्धवट राहतं, तेवढं बघा.

दोन भाग मिसळून लावायची इपॉक्सी (घट्ट होणारा डिंक) मी सोडली. ओघळू नये म्हणून फ्लाय फिरवत बसा, आणि पुढे उन्हात पिवळी पडते ती वेगळीच.

व्हिप फिनिश (डोक्यावरची दोऱ्याची शेवटची गाठ) ढिलं असेल तर यातलं काहीही लावा, गाठ सुटणारच. मी आता दोनदा घालतो. येत्या पावसासाठी पांढरा दोरा मागवलाय. त्यातून उजेड आत जातो, रंग मार्करने डोळे काढण्यापुरता द्यायचा, आणि मधला लॅकरचा हात वाचतो का ते बघायचं.